आमचे हे आणि बॅकहो

आमच्या ह्यांना एखादी वस्तू घ्यायची की नाही एवढं विचारा आणि तुम्ही खुशाल आपली कामं उरकून या. जेवा, आडवे व्हा, हवं तर लेकीकडे चार दिवस राहून या. परत याल तेव्हाही उत्तर एकच असेल. "बघू." घरात पंखा घेताना ह्यांनी पात्याची लांबी, छताची उंची आणि माझी उंची असं तिन्ही मोजलं होतं. माझी कशाला, तर म्हणे तू जाळी झाडायला स्टुलावर चढतेस, हात लागेल. कमरेची मोजपट्टी फक्त आंघोळीपुरती उतरते. लोक ह्यांना नावानं हाक मारतच नाहीत, 'टेपवाले' म्हणतात. आणि ह्यांना त्याचा अभिमान आहे!

हे खड्डे खणतात. हसू नका. लोक हसतात म्हणून आधीच सांगून ठेवते. सांडपाण्याच्या टाकीचा खड्डा, पाइपसाठी चर, फाटकाच्या खांबांची भोकं, वाळलेल्या झाडाचा बुंधा उपटणं, असली सगळी कामं. जिथं मोठं यंत्र शिरत नाही तिथं आम्हाला बोलावणं येतं. घरामागची अंगणं, दोन भिंतींमधले बोळ, दवाखान्यांच्या बागा. आमचा एक छोटा ट्रॅक्टर आहे, मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर त्याचं लेकरू वाटेल एवढा. तो माती वाहतो, लोकांच्या बागा नांगरून देतो. पण खणायचं काम ह्यांच्या हातांचं. कुदळ, फावडं, पहार. आणि ह्यांनी खणलेला खड्डा बघण्यासारखा असतो, हे मी बायको म्हणून म्हणत नाही. कडा अशा सरळ की सुरीनं कापल्यासारख्या. एका घरमालकीणबाईंनी तर विचारलं होतं, इतका छान झालाय, टाकी घालायलाच हवी का?

आणि मी काठावर. एकवीस वर्षं मी ह्यांच्या खड्ड्यांच्या काठावर उभी आहे. मातीनं भरलेलं घमेलं दोरानं वर ओढायचं आणि लांब नेऊन रिकामं करायचं, हे माझं एक काम. दुसरं काम नुसतं बघायचं. खड्डा कमरेपेक्षा खोल गेला की हे वर येतात आणि काठापासून हातभर अंतरावर चारी बाजूंनी चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारतात. माती सुटायला लागली की आधी ती रेघ तुटते. केसाएवढी चीर पडली तरी पांढऱ्यावर दिसते. दिसली की मी ओरडायचं, "वर!" एवढा एकच शब्द. खालच्या माणसानं का, कशाला, काय झालं, काही म्हणजे काही विचारायचं नाही. हातातलं तिथंच टाकायचं आणि शिडी धरायची. हा आमचा कायदा. सासरे खणायचे तेव्हाही हाच होता. तेव्हा काठावर सासूबाई असायच्या.

लोकांना वाटतं, काठावर उभं राहायला काय लागतं? या एकदा, उभे राहा. आपलं माणूस जमिनीच्या पोटात आहे, वरून फक्त टोपी दिसतेय, आणि आपण एका पांढऱ्या रेघेकडे डोळे फाडून बघतोय. पापणी लवली तरी धस्स होतं. डोळ्यात काही गेलं तर एक डोळा चोळायचा, दुसरा उघडा ठेवायचा. दुपारपर्यंत मान आखडते, डोकं ठणकतं, आणि मग मी ह्यांच्यावर खेकसायला लागते. "झालं की नाही अजून? काय मूर्ती घडवताय का खाली? चला, आवरा!" खालून हे म्हणतात, "झालंच." ह्यांचं 'झालंच' म्हणजे अजून दोन तास.

मागच्या वर्षी एका शाळेच्या मागच्या अंगणात रेघ तुटली. माझ्या डोळ्यांदेखत तुटली. मी ओरडले, हे शिडीवर चढले, तिसऱ्या पायरीवर पाय टाकला आणि खालची सगळी कड खचली. ह्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत अडकला. पाय निघाला, बूट राहिला. वर येऊन हे हसले! म्हणाले, "बुटावर भागलं." दोन दिवस मला घास गिळवत नव्हता. ह्यांच्या ताटात भाजी वाढताना हात थांबायचा, वाटायचं, तिसऱ्या पायरीच्या ऐवजी दुसरी असती तर?

तेव्हाच ठरवलं. मला माझा नवरा त्या खड्ड्यातून बाहेर हवा होता. बाकी मला काही नको. ना नवं घर, ना दागिना. मी सरळ म्हटलं, "बॅकहो घ्या."

बॅकहो म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं बसवायचा खोदणारा हात. त्याला कोपर असतं, मनगट असतं, आणि पुढं दात असलेली लोखंडी बकेट. आमचा ट्रॅक्टरचा मिस्त्री त्याला 'जेसीबीचं पिल्लू' म्हणतो. मागं तोंड करून एका सीटवर बसायचं, दांडे ओढायचे, आणि खड्डा आपोआप होतो, माणूस वरच्या वर. मला आणखी काय हवं होतं? पैशांचंही अडलं नव्हतं. माझ्या आईनं माझ्या नावानं ठेवलेले पडून होते.

तर हे म्हणाले, "बघू."

आणि मग आठ महिने बघितलं. आधी म्हणे वजन. एवढं लोखंड मागं लटकवलं तर ट्रॅक्टरचं नाक वर उचललं जाईल. मिस्त्री म्हणाला, पुढं वजनं लावू, आणि तो हात नुसता मागच्या सांध्यावर लटकवायचा नाही, ट्रॅक्टरच्या पोटाखालून लोखंडी चौकट घ्यायची, म्हणजे ताण सगळीकडं वाटला जाईल. ठीक. मग म्हणे चौकटीसकट काढायला-बसवायला अर्धा दिवस जातो. आज खड्डा, उद्या कोणाची बाग नांगरायची, मग काय रोज काढ-घाल करायची? त्यापेक्षा खोल खड्ड्याला मोठं यंत्र भाड्यानं का आणू नये? मी म्हटलं, मोठं यंत्र त्या बोळांतून शिरतं का? "नाही शिरत," हे म्हणाले. "पण मग हे तरी शिरेल का, ते बघायला हवं." झालं! मोजपट्टी घेऊन निघाले. गेल्या तीन वर्षांत जिथं जिथं काम केलं त्या सगळ्यांची फाटकं मोजून आले, रविवारी, दुपारी, लोक झोपलेले असताना. एका घरी कुत्रं मागं लागलं. एका आजोबांना वाटलं, फाटक चोरायला आलेत. एक्केचाळीस फाटकांपैकी एकोणतीस फाटकांतून बॅकहो जाईल असं निघालं. मी म्हटलं, बघा, निम्म्याहून जास्त! तर म्हणे, "बारा राहिलीच ना."

लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबांचं कधी बरोबर असू शकतं असं तुला वाटतच नाही का?" मी म्हटलं, नाही.

एक मुद्दा मात्र ह्यांनी सारखा काढला आणि मी तो सारखा उडवून लावला. हे म्हणाले, "यंत्रानं तळ साफ होत नाही गं. बकेटीचे दात ओरखडे काढतात. शेवटचं वीतभर हातानंच सपाट करावं लागतं. मी यंत्रावर बसणार. मग खाली कोण?"

"खाली कोण म्हणजे? तुम्हीच उतरा की दहा मिनिटं! दिवसभरापेक्षा दहा मिनिटं बरी ना?"

"दहा मिनिटांचं नाही. खाली असलं ना की माती बोलते. आवाज येतो तिचा. मी अख्खा दिवस तिच्याबरोबर असतो, मला कळतं तिच्या मनात काय आहे ते. वर बसून, इंजिनाच्या धडधडीत मला काय कळणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तिच्या मनात काय आहे ते कळतं, आणि बायकोच्या?" हे उठून फावडं पुसायला गेले. वाद मिटवायची ह्यांची हीच पद्धत.

शेवटी मीच यंत्रविक्रीच्या दुकानात फोन केला. तिथला माणूस गोडबोल्या. म्हणाला, "ताई, चार दिवस वापरून बघा. चौथ्या दिवशी पाच वाजता मी दादांना फोन करतो. हो म्हटलंत तर राहील, नाही म्हटलंत तर दुसऱ्या दिवशी उचलून नेतो." ह्यांना आता 'बघू' म्हणायला जागा नव्हती, कारण बघायलाच तर आणलं होतं. मिस्त्रीनं अर्धा दिवस घालवून चौकट बसवली. पहिले दोन दिवस हे आमच्याच परड्यात दांडे ओढून शिकले. पहिल्या तासात कपडे वाळत घालायचा खांब आडवा केला. तिसऱ्या दिवशी एक चर काढला, तो बरा निघाला. मनातल्या मनात नवस बोलायचाच काय तो बाकी राहिला होता. चौथ्या दिवशी खरं काम होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागं टाकीचा खड्डा, साडेसहा फूट खोल.

सकाळपासून माझा जीव टांगणीला. पाच वाजता फोन येणार. मिळेल तेवढ्या वेळात हे यंत्र ह्यांना पटायला हवं. आणि काय सांगू, ते पटेल असंच चाललं होतं! हातानं ज्याला तीन दिवस लागले असते ते दुपारच्या जेवणापर्यंत निम्म्यावर आलं. ट्रॅक्टरचे दोन लोखंडी टेकू बाजूला रोवलेले, हे मागं तोंड करून सीटवर, आणि तो हात खाली जातोय, घास घेतोय, बाजूला टाकतोय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात दोर नव्हता. ह्यांची टोपी जमिनीच्या वर होती! मी ती टोपी बघत होते आणि मला वाटत होतं, देवा, हे असंच राहू दे.

खड्डा कमरेपेक्षा खोल गेला तेव्हा हे नियमानं खाली उतरले, चारी बाजूंना फक्कीची रेघ मारली, पुन्हा सीटवर जाऊन बसले. मीही नियमानं काठावर उभी राहिले आणि रेघेकडे बघायला लागले.

आता इथं आम्ही दोघांनी काय घाण केली ते ऐका. हातानं खणताना माती मी घमेल्यानं लांब नेऊन टाकते. यंत्राचा हात लांब जात नाही. तो काठालगतच ढीग घालतो. जेवणानंतर तासाभरात डावीकडची रेघ त्या ढिगाखाली गेली. मागची रेघ टेकूखाली आणि चाकाखाली आधीच पुसली होती. राहिली माझ्यासमोरची आणि उजवीकडची. ती पांढरीशुभ्र, अखंड. आणि मी तिच्याकडे बघत निवांत उभी! एकवीस वर्षं रेघ बघितली, रेघ धड तर खड्डा धड. ज्या बाजूला रेघच उरली नाही त्या बाजूचं काय, हा विचार ना मला सुचला, ना ह्यांना. दुसऱ्या कोणी रेघ मारलीच नसती, त्यांनी निदान ढिगाकडे तरी बघितलं असतं. वर त्या डाव्या बाजूलाच डॉक्टरीणबाईंच्या फुलांचा वाफा होता. रोज सकाळी नळी लावून भिजवलेला.

साडेतीनला यंत्रानं तळ गाठला. हे सीटवरून उतरायला लागले, तळ साफ करायला. दिवसभर एकाच जागी बसून ह्यांचे गुडघे धरले होते. एक पाय खाली टाकला आणि कळवळले. मी म्हटलं, झालं! आता हे म्हणणार, बघ, यंत्रानं गुडघे गेले, नको ते यंत्र. पाचला फोन. मला काही सुधरलं नाही.

"बसा तिथेच," मी म्हटलं. "मी करते."

"तू नको."

"दहा मिनिटांचं काम आहे! एकवीस वर्षं बघतेय, मला काय कळत नाही?"

"अगं तू नको म्हणतो ना."

पण मी शिडीवर होते. फावडं आधीच खाली फेकलं होतं. मी तापले की मला कोणी थांबवू शकत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

एकवीस वर्षांत मी एकदाही खाली उतरले नव्हते, हे मला खाली पोचल्यावर लक्षात आलं. गार होतं. ओल्या मातीचा वास नाकात भरला. वर आभाळाचा एक चौकोन, टेबलाएवढा. इंजिन चालूच होतं, बकेट वर धरून ठेवायला, आणि त्याची धडधड कानांपेक्षा पायांना जास्त जाणवत होती. मनात म्हटलं, इथं हे आयुष्य काढतात? आणि वर येऊन म्हणतात, झालंच? मग मी फावडं उचललं. ओरखडे भरले, उंचवटे खरवडले. तीन कोपरे झाले. मला थोडा अभिमानच वाटायला लागला. ह्यांच्याइतकं सरळ नव्हतं, पण काय वाईट नव्हतं.

"वर!"

मी मान वर केली. म्हटलं, "काय झालं?"

"वर!"

"अहो, हा एकच कोपरा राहिलाय, एवढा..."

"अगं वर ये!"

"ओरडताय काय? येतेच की!"

ऐकताय ना तुम्ही? ज्या बाईनं एकवीस वर्षं तो शब्द ओरडला, ती खाली उभी राहून काय झालं विचारत होती! ह्यांनी एकदा, फक्त एकदा, शिडी धरायच्या आधी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तर मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नव्हते. कायदा माझा पाठ होता, पण वरच्या माणसाचा. खालच्या माणसाचा मला माहीतच नव्हता.

आवाज मोठा झाला नाही. गोणी जमिनीवर ठेवावी तसा झाला. डावीकडची भिंत वाफ्यासकट आली आणि माझ्या पायांभोवती बसली. मी पडले नाही, पडायला जागाच नव्हती. मांड्यांपर्यंत माती. दुखलं नाही, पण असं आवळलं की पाय आपले आहेत हेच कळेना. फावडं कुठं गेलं, शिडी कुठं गेली, काही दिसेना. मग इंजिन बंद झालं. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. माझ्या कानामागं, अगदी जवळ, बारीक खडे घरंगळत होते. सर्र... थांबले. पुन्हा सर्र. माती बोलते म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी म्हटलं, "अहो... अहो... अहो." दुसरा शब्द सुचेना.

"हलू नकोस," वरून ह्यांचा आवाज आला. "हात वर ठेव. छातीशी नाही, डोक्याच्या वर. अजिबात हलू नकोस."

मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांचं एका शब्दात ऐकलं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. हातात मोजे, तोंडाला फडकं, आत खुर्चीवर पेशंट तसाच आ वासून ठेवलेला. ह्यांनी त्यांना बागेतलं बाक उचलायला लावलं, पेशंट बसतात ते लांब लाकडी बाक. दोघांनी ते उजव्या बाजूनं आत सोडलं आणि ह्यांनी वरूनच ते माझ्या आणि ढासळलेल्या भिंतीच्या मध्ये उभं रोवलं. मग हे खाली आले. शिडीवरून नाही, शिडी गाडली गेली होती. काठ धरून, लोंबकळून, त्या धरलेल्या गुडघ्यांवर उतरले. म्हटलं, "तुम्ही येऊ नका!" कोण ऐकतंय. फावडं वापरलं नाही, माझ्या पायाला लागेल म्हणून. हातांनी उकरत होते. दोन्ही हातांनी, कुत्रं उकरतं तसं. वरून ते खडे घरंगळतच होते आणि दर वेळी ह्यांचे हात क्षणभर थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. मी त्यांच्या डोक्याकडे बघत होते. टोपी पडली होती. डोक्यावर एवढे केस पांढरे झालेत हे मला माहीत नव्हतं, मी तर कायम वरून टोपीच बघते.

बारा मिनिटं लागली असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. मला विचाराल तर मी तिथं म्हातारी झाले. एक पाय निघाला, मग दुसरा. ह्यांनी मला बाकावर चढवलं, खालून ढकललं, वरून बाईंनी बगलेत हात घालून ओढलं. आणि मग मी काठावर पालथी पडून खाली बघत होते, हे अजून आत होते, आणि मी ओरडत होते, "वर! वर! वर!" घसा फुटेपर्यंत. हे बाकावर पाय देऊन वर आले. त्यानंतर थोड्याच वेळात ते बाक कलंडलं आणि उरलेली कडही खाली आली. त्याबद्दल मला जास्त बोलायचं नाही.

आम्ही दोघं दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसलो. बाईंनी माझे पाय दाबून बघितले, बोटं हलवायला सांगितली, हलली. कुठं मोडलं नव्हतं. पाणी आणून दिलं आणि त्या आपल्या पेशंटकडे पळाल्या. ह्यांनी पेला हातात घेतला आणि निम्मं पाणी पँटवर सांडलं. पेला पायरीवर ठेवायला गेले तर तो पायरीवर टकटक वाजायला लागला. पहारीनं दगड फोडणारे हात, कधी थरथरलेले मी बघितले नव्हते.

म्हटलं आता बोलतील. सांगितलं होतं ना म्हणतील, खाली कोण म्हणून विचारलं होतं ना. त्यांना बोलायचा हक्क होता. मी ऐकून घ्यायची तयारी केली, आणि मला हेही माहीत होतं की आता ते यंत्र परत जाणार. उद्यापासून पुन्हा हे खाली, मी वर. माझ्याच उतावळेपणानं मी माझा नवरा पुन्हा त्या खड्ड्यात घातला. रडूही येईना.

हे आपले नखांतली माती काढत राहिले. पाच वाजले आणि ह्यांच्या खिशातला फोन वाजला.

ह्यांनी तो कानाला लावला. पलीकडून यंत्रवाला म्हणाला, "काय दादा, कसा वाटला आमचा बॅकहो? ठेवताय ना?" मला शेजारी बसून सगळं ऐकू येत होतं. तो "हॅलो, हॅलो" करायला लागला. ह्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे वळले.

"तुला असं व्हायचं?"

"कसं?"

"मी खाली असताना. हे असं." आणि दुसरा हात माझ्यापुढं धरला. अजून थरथरत होता.

मी त्या हाताकडे बघितलं. "हो," म्हटलं.

"शाळेत झालं होतं तेव्हा?"

"रोज."

"रोज?"

"अहो, रोज. एकवीस वर्षं. तुम्ही शिडीवर पहिला पाय टाकलात की तेव्हापासून वर येईपर्यंत. रोज."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मला वाटायचं, उन्हात उभं राहून तुला कंटाळा येतो. म्हणून तू माझ्यावर चिडतेस."

मला हुंदकाच आला, आणि तो आला तो थांबेना.

फोनमधला माणूस अजून हॅलो करत होता. ह्यांनी तो पुन्हा कानाला लावला. "हो, आहे, ऐकतोय," म्हणाले. "राहू दे यंत्र इथंच. न्यायला येऊ नका." पलीकडून तो खूश होऊन काहीतरी बोलायला लागला, तर ह्यांनी त्याला मध्येच तोडलं. "आणि खड्ड्याच्या भिंती धरून ठेवायच्या लोखंडी फळ्या मिळतात ना? त्या पाठवा. त्या येईपर्यंत आमच्याकडचं कोणी खाली उतरणार नाही. मी पण नाही."

मग फोन तसाच चालू पायरीवर ठेवला, माझ्यापुढं खाली बसले, आणि माझ्या बुटांतली माती काढायला लागले.